हौद्यातला माणूस

त्याला सगळे टेकू म्हणत. हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. इतके वाईट कुठलेच आईबाप नसतात. पण जो माणूस आयुष्यभर गाडीच्या हौद्यात बसून काचेला आधार देत आला, त्याला लोकांनी दुसरं काय म्हणायचं? खरं नाव रेशनकार्डावर होतं आणि तिथेच सुखात होतं.

काचेचा नियम साधा आहे. ती आडवी न्यायची नाही. आडव्या मोठ्या काचेला रस्त्यातला एक खड्डा पुरतो, स्वतःच्याच वजनाने ती मधोमध मोडते. तिला उभी, किंचित कललेली न्यायची. ज्यांची स्वतःची गाडी असते ते हौद्यात लोखंडाची घोडी बसवून घेतात. घोडी म्हणजे काच टेकवायचा तिरका सांगाडा. त्याला रबर लावायचं, पट्ट्याने काच आवळायची, की झालं. पण भाड्याच्या टेम्पोत आज काच, उद्या सिमेंट, परवा कुणाच्या तरी गाद्या. तिथे कायमची घोडी कोण ठोकू देणार? मग घोडीच्या जागी माणूस. काच हौद्याच्या कडेला पोत्यांवर उभी करायची, दोर बांधायचा आणि टेकूने समोर बसून तिला तळहात लावायचा.

तो तळहात मोठा शहाणा होता. काच थरथरली तर हरकत नाही, गाडी चालते तेव्हा काच थरथरणारच. पण दोन काचा एकमेकींवर खटखटायला लागल्या की खेळ संपत आला म्हणून समजावं. ही खटखट कानाला कळायच्या आधी टेकूच्या हाताला कळायची. मग तो दुसऱ्या हाताने केबिनच्या पाठीवर थाप मारायचा. एक थाप म्हणजे हळू. दोन थापा म्हणजे थांब. केबिनच्या कडेने डोकावताना पुढे खड्डा किंवा स्पीडब्रेकर दिसला तरी एक थाप. इतकीच भाषा, पण तिच्यावर दुकान चाललं होतं.

आता गंमत अशी, की टेकूइतका अस्वस्थ माणूस त्या गल्लीत दुसरा नव्हता. त्याच्या पायाला भिंगरी होती. दुकानात बसला तर पुट्टीच्या गोळ्या करून भिंतीला चिकटवायचा, उठून दारात जायचा, दारातून आत यायचा, आत कशासाठी आलो ते विसरून पुन्हा दारात. जेवताना तीनदा उठायचा. त्याची बायको म्हणायची, "तुमचं ताट मी दाराशीच ठेवते, येता जाता घास घ्या." लहानपणी बाबांनी त्याला काच कापायला शिकवायचा प्रयत्न केला होता. हिऱ्याची लेखणी एका दमात, एका दाबाने ओढावी लागते. हा मध्येच घाई करायचा आणि काच वाट्टेल तिथे फुटायची. शेवटी बाबांनी हात जोडले आणि त्याला टेम्पोत मागे बसवलं, निदान नजरेआड तरी होईल म्हणून. आणि तिथे, काचेला हात लावल्यावर, तो पोरगा एकदम शांत झाला. गावभर फिरून परत येईपर्यंत जागचा हलला नाही. बाबांना वाटलं, झोपला.

तेव्हापासून टेकू हौद्यातच होता. बाबा गेले, दुकान धाकट्या बहिणीने घेतलं. धाकटीचा हात सरळ होता, हिशेब पक्का होता आणि जीभ त्याहून पक्की. ती कापायची, तो टेकवायचा. काच उचलताना दोघं दोन टोकांना. त्यात कधी खंड पडला नाही.

खंड पडायची वेळ आली ती टेम्पोवाल्यामुळे. तो म्हातारा बाबांच्या वेळेपासूनचा. गेली दोन वर्षं त्याचा खांदा धरला होता, म्हणून चाक धाकटीच्या हातात असायचं आणि तो शेजारी बसून फुकटचे सल्ले द्यायचा. गाडी चालवायला तिला शिकवलं त्यानेच, याच टेम्पोवर, मागे काच आणि टेकू असताना. एकदा तो कौतुकाने म्हणाला होता, "ही पोरगी डोळ्यांनी नाही, कानांनी गाडी चालवते." सगळे हसले होते. टेकूही हसला होता.

तर त्या म्हाताऱ्याने एका सकाळी चहा पिता पिता सांगून टाकलं, की टेम्पो विकला, आता लेकीकडे जाऊन राहणार. धाकटीने कप खाली ठेवला.

"मग आम्ही काय करायचं?"

"घ्या की स्वतःची. किती दिवस दुसऱ्याच्या गाडीत काच घालणार? घोडी बसवून घ्या झकास. ह्या बिचाऱ्याला तरी किती वर्षं उन्हात बसवाल? अर्धं तोंड भाजून निघालंय त्याचं."

हे खरं होतं. टेकू कायम एकाच बाजूला तोंड करून बसायचा, त्यामुळे त्याचा डावा गाल उजव्यापेक्षा काळा होता. धाकटीने त्या गालाकडे पाहिलं आणि जणू पहिल्यांदाच तो तिला दिसला.

"घेऊ," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्यात नाचाच्या क्लासचे आरसे पोचवायचे आहेत, त्याच्या आत घेऊ. दादा, गाडी तू निवडायची. काचेला काय लागतं ते तुझ्याइतकं कुणाला कळतं?"

टेकूने मान हलवली, पण काहीतरी खुपलं. काय ते त्याला लगेच कळलं नाही. रस्त्यात बायकोसाठी भाजी घेताना कळलं. काचेला हवी तशी गाडी मिळाली, तिच्यात घोडी बसली, की हौद्यात माणूस लागत नाही. म्हणजे त्याला जी गाडी शोधायची होती, ती त्याचीच जागा घेणार होती. तो भाजी तिथेच विसरून घरी आला आणि वर बायकोवरच चिडला.

पहिली गाडी त्यांनी मोठ्या शोरूममध्ये पाहिली. पांढरी शुभ्र, उंच, टायर असे की टेकूच्या कमरेला लागावेत. विक्रेता हसरा तरुण होता. ती किती वजन उचलते, घाटात कशी चढते, हे तो अशा प्रेमाने सांगत होता की जणू पाहुण्यांना घरची लेक दाखवतोय. टेकू वाकून खाली घुसला, मागच्या चाकांवरचे लोखंडी पाटे मोजले आणि बाहेर आला.

"कडक आहे," तो म्हणाला. "एवढे पाटे पोटभर वजन घातल्यावरच वाकतात. आपण नेणार दोन काचा. गाडी उड्या मारेल."

धाकटीचा चेहरा खुलला. "बघा, म्हणून मी याला आणलं," ती त्या तरुणाला म्हणाली. तोही मनमोकळा होता. म्हणाला, "खरं आहे, रिकामी चालवली की माझंही जेवण वर येतं."

दुसरी गाडी दोन रांगांच्या आसनांची होती. अख्खं कुटुंब मावेल अशी. धाकटीला आवडली. पण केबिन मोठी म्हणून हौदा आखूड. टेकूने आपल्या हातांनी मापलं, मग आडवा होऊन मापलं. त्याचे पाय गुडघ्यापासून बाहेर लोंबकळले. "काच बाहेर राहील," तो झोपल्या झोपल्याच म्हणाला. तेही खरंच होतं. तिसरीचा हौदा छातीइतका उंच होता, तिथवर काच चढवायची म्हणजे एकाने शिडीवर उभं राहायचं. तीही बाद झाली.

घरी परतताना धाकटी म्हणाली, "तू नसतास तर मी पहिलीच घेतली असती."

टेकूला बरं वाटलं आणि लगेच बरं वाटल्याचं वाईट वाटलं. तीन गाड्यांमध्ये त्याने एकही खोट उगाच काढली नव्हती. पण प्रत्येक खोट सापडल्यावर छातीतलं दडपण कमी व्हायचं, हेही खरं होतं. परीक्षेला बसलेल्या पोराला शाळेला सुट्टी मिळावी, तसं. त्या दिवशी तो दुकानात इतक्या येरझारा घालायला लागला की धाकटीने शेवटी त्याच्या हातात झाडू दिला. निदान फिरता फिरता फरशी तरी स्वच्छ होईल.

चौथी गाडी चालत दारात आली.

ती एका रोपवाटिकेवालीची होती. पन्नाशीची बाई, हाताच्या नखांत माती, आवाज खणखणीत. टेम्पोवाल्याने तिला पाठवलं होतं. तिने रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली आणि किल्ली धाकटीच्या हातात ठेवली.

"फिरवून आणा. काच घालून फिरवा, नुसती नको. मी कुंड्या नेते हिच्यात. पहिल्या महिन्यात निम्म्या फुटल्या, मग मागचा एक पाटा काढून टाकला. आता बाळाच्या पाळण्यासारखी चालते. मला आता मोठी गाडी लागते, नाहीतर विकली नसती."

टेकू गाडीभोवती फिरला. रंग उडालेला, एका दाराला पोचा. पण हौदा लांब. आणि इतका खाली की काच नुसती सरकवायची. बाजूचे फाळके खाली पडत होते, म्हणजे दोन्ही अंगांनी काच चढवता येणार. मधली जागा अशी की घोडीचं माप घेऊनच कुणी गाडी बनवली असावी. तो एकेक पाहत होता आणि एकेक पाहून त्याचं तोंड कडू होत होतं.

दोघांनी दोन मोठ्या काचा चढवल्या. दोन काचांमध्ये, एकमेकींना चिकटू नयेत म्हणून, पांढरी पावडर भुरभुरवतात. धाकटीने ती नेहमीसारखी सारखी पसरवली, काचा पोत्यांवर टेकवल्या, दोर आवळला. टेकू हौद्यात बसला, हात लावला. गाडी निघाली.

ही फेरी तो पुढे कधी विसरला नाही. बाजाराचा खडबडीत रस्ता आला आणि हाताखालची काच फक्त थरथरली, मांजरीच्या पाठीसारखी. शाळेजवळचा स्पीडब्रेकर आला. एरवी तो दिसताच त्याची थाप पडायची. पण काच इतकी गप्प होती की त्याचा हात उठलाच नाही. धाकटीने वेगही कमी केला नाही, गाडी आपली वर जाऊन खाली आली. काच गप्पच. मग टेकूने एक गोष्ट केली, जी त्याने आयुष्यात केली नव्हती. चालत्या गाडीत काचेवरचा हात काढला. हात मांडीवर ठेवून तो नुसता बघत राहिला. दोराने बांधलेल्या काचा आपल्या आपण उभ्या होत्या. त्यांना त्याची आठवणसुद्धा आली नाही.

त्याला रडू येईल असं वाटलं. त्याऐवजी त्याने केबिनवर दोन थापा मारल्या.

गाडी थांबली. धाकटी धावत मागे आली. "काय झालं?"

"खटखटते," टेकू म्हणाला.

"खटखटते? मला तर मऊ वाटली."

"पुढे बसून तुला काय कळणार? मागे मी होतो. नाही चालायची. आरसे फुटतील."

धाकटीने एकदाही उलट विचारलं नाही. त्याच्या हाताने नाही म्हटलं की नाही, हा दुकानाचा नियम होता. परत आल्यावर तिने रोपवाटिकेवालीची माफी मागितली. ती बाई जरा दुखावली, "माझी कुंडी हलत नाही आणि तुमची काच वाजते?" असं म्हणाली, पण किल्ली घेऊन निघून गेली. त्याआधीच काचा उतरवून झाल्या होत्या. दोघांनी त्या जोडीनेच उचलून भिंतीला टेकवल्या होत्या. पुढचा सगळा वेळ टेकू आपणच चघळून चिंध्या केलेल्या काडीने दात कोरत दारात उभा राहिला. गाडी गेली होती. त्याची जागा वाचली होती. मग पायांत ही आग कसली?

दुपारी एक गिऱ्हाईक आलं. त्याला कपाटासाठी काच हवी होती. धाकटीने भिंतीच्या त्या दोन काचांपैकी पुढची बाजूला घ्यायला टेकूला हाक मारली. दोघांनी ती उचलून टेबलावर नेली. मग ती मागे वळली आणि वळल्या जागी उभी राहिली.

काच खटखटली की मधल्या पावडरीवर ओरखडे उमटतात. कुठे रेघा, कुठे पुसलेले डाग. हे धंद्यातलं पोरही सांगेल. मागच्या काचेवरची पावडर मात्र सकाळी भुरभुरवली तशीच होती. तिच्या बोटांच्या खुणासुद्धा जागच्या जागी होत्या.

तिने आधी गिऱ्हाईकाचं काम उरकलं. काच कापली, कडा घासल्या, कागदात गुंडाळून दिली. तो गेल्यावर म्हणाली, "दादा, पावडर हललेली नाही."

टेकूने पुट्टीचा गोळा उचलला.

"तो खाली ठेव. माझ्याकडे बघ. काच वाजली होती का?"

"नाही."

"मग दोन थापा का मारल्यास?"

त्याने गोळा खाली ठेवला, पुन्हा उचलला. आणि मग जे इतके दिवस मनात फिरत होतं ते एकदम तोंडातून आलं. "मग मी काय करू? सांग ना. गाडी आली, घोडी आली, मग मी काय करू? कापता मला येत नाही. हिशेब येत नाही. दुकानात बसलो तर तू झाडू देतेस. मला एका जागी फक्त तिथेच बसता येतं. तेवढं एकच मला येतं गं."

 धाकटीचे डोळे भरले, पण ती रडली नाही, उलट चिडली. दोन्ही भावंडांना हेच जमायचं.

"तू काय करशील ते मला आत्ता सांगता येत नाही," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? पण तुझ्या हातावर मी डोळे मिटून विश्वास ठेवते. तो हात खोटं बोलला, तर मग माझ्याकडे राहिलं काय?"

एवढं बोलून ती कडा घासायला बसली. घासायला काच नव्हती, तरी.

टेकू दारात गेला. आत आला. पुन्हा दारात गेला, आणि या वेळी तिथून तसाच पुढे निघाला. चप्पल दुकानातच राहिली हे त्याला चौकात कळलं. परत फिरला असता तर धीर गेला असता, म्हणून अनवाणीच चालत राहिला. बहिणीने त्याला काहीही कबूल केलं नव्हतं. त्याची जागा राहील असं कुणी म्हटलं नव्हतं. तरी तो चालत होता, आणि जितकं जवळ जावं तितकी चाल वाढत होती.

रोपवाटिकेच्या फाटकाशी ती गाडी उभी होती. बाई झारीने पाणी घालत होती. अनवाणी, घामाघूम टेकूला पाहून तिने झारी खाली ठेवली.

"काय हो काचवाले? आता काय माझी झाडं पण खटखटतात का?"

"बाई, गाडी वाजत नाही."

"ते मला माहीत आहे."

"मी खोटं बोललो."

"तेही कळलं मला. कशासाठी ते तेवढं कळलं नाही."

टेकूने सांगितलं. उभ्या उभ्या, मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवासारखा अवघडून, पण काही न लपवता सांगितलं. बाई ऐकत होती. शेवटी म्हणाली, "वाईट वाटतं हो. पण नळवाला येतोय आत्ता, पैसे घेऊन. त्याला मी हो म्हटलंय. तुमच्याकडे विसार आहे का द्यायला?"

टेकूने खिसे चाचपले. खिशात काडेपेटी आणि पुट्टीचा गोळा निघाला. रस्त्याच्या टोकाला एक माणूस येताना दिसला, खांद्यावर थैली, थैलीतून नळाची तोटी डोकावत होती. टेकूने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि उडी मारून हौद्यात चढला. मातीत फतकल मारून बसला.

"मीच विसार," तो म्हणाला.

नळवाला आला. टायर दाबून पाहिले, दार उघडून पाहिलं, मग हौद्यात पाहिलं. "हे कोण?"

"हे गाडीबरोबर येतात," बाई म्हणाली. तिला आता मजा यायला लागली होती.

"भाऊ, उतरा की. मला गाडी बघायची आहे."

"गाडी रिकामी नाही," टेकू म्हणाला. "ही काचेची गाडी आहे. पाइप न्यायला हिचे पाटे मऊ पडतील. लोखंडी पाइप टाकलेत की पोट रस्त्याला टेकेल. तुम्हाला कडक गाडी हवी. मोठ्या शोरूममध्ये एक पांढरी उभी आहे, उंच, तुमच्यासाठीच आहे ती. माझं नाव सांगा. म्हणजे नका सांगू, ते ओळखणार नाहीत."

नळवाल्याने वाकून पाटे पाहिले. एक कमी आहे हे त्याच्याही लक्षात आलं. तो जरा वेळ हनुवटी खाजवत उभा राहिला, मग त्याने त्या शोरूमचा पत्ता विचारून घेतला. तो गेल्यावरही टेकू उतरला नाही. त्याने बाईंचा फोन मागून धाकटीला लावला.

"पैसे घेऊन ये."

"कुठे आहेस? चपला इथे आहेत तुझ्या."

"हौद्यात बसलोय. मला सोडवायला ये."

ती आली तेव्हा तो तसाच बसलेला होता, रिकाम्या हौद्यात, पाठ केबिनला, आणि आश्चर्य म्हणजे अगदी स्थिर. धाकटीने व्यवहार केला, किल्ली घेतली. चपला त्याच्या पुढ्यात टाकल्या. 

घोडी दोन दिवसांत बसली. वेल्डिंगवाल्याला टेकूनेच मापं सांगितली, कल किती ठेवायचा, रबर कुठे जाड हवं. स्वतःचीच जागा तो स्वतः मापून देत होता आणि त्यात चूक करत नव्हता. वेल्डिंगवाला म्हणाला, "छान काम झालंय." टेकू म्हणाला, "हो, दुर्दैवाने."

आरसे न्यायचा दिवस उजाडला. माणसापेक्षा उंच आरसे. दोघांनी दोन टोकांना धरून एकेक चढवला, घोडीला टेकवला, पट्टे आवळले. टेकू सवयीने हौद्यात चढायला गेला. पाय ठेवायला जागाच नव्हती. धाकटीने आतून शेजारचं दार उघडलं. तो पुढे बसला.

पुढची जागा त्याला अजिबात मानवली नाही. रस्ता अंगावर येत होता. इतकी वर्षं त्याने तो कडेने डोकावून, नाहीतर मागे जाताना पाहिला होता. हात कुठे ठेवावे कळेना. दर दोन मिनिटांनी तो मागच्या खिडकीतून पाहायचा. आरशात केबिनची पाठ दिसत होती, खिडकीत अडकलेलं त्याचंच तोंड दिसत होतं.

"मान मोडेल," धाकटी म्हणाली. तिचा आवाज ताठ होता. चाकावरची तिची बोटंही ताठ होती, पण ते त्याने पाहिलं नाही. त्याला स्वतःचंच पुरे झालं होतं.

शाळा जवळ आली. स्पीडब्रेकर त्याला लांबूनच दिसला. उजवा हात आपोआप उचलला गेला. त्याने तो खाली ओढला आणि मांडीखाली दाबून धरला. आता कशाला? काचेला घोडी आहे, पट्टे आहेत, मऊ पाटे आहेत. उगाच लुडबुड करू नये. रस्ता मोकळा होता, गाडी त्या दिवसापेक्षा जोरात होती आणि वेग कमी झाला नाही. स्पीडब्रेकर समोर आला, अगदी समोर, आणि गाडी त्याच वेगाने त्याच्यावर आदळली. टेकूचं डोकं छताला लागलं. पुढे शाळेच्या फाटकातून बाहेर पडणारी एक बाई किंचाळून मागे सरली.

धाकटीने करकचून ब्रेक दाबला आणि गाडी कडेला घेतली. ती पांढरी पडली होती. टेकू उडी मारून मागे धावला. आरसे गप्प होते. एकालाही ओरखडा नव्हता. फाटकाजवळच्या बाईने तोंडभर शिव्या दिल्या आणि निघून गेली. तो परत येऊन बसला.

"आरसे ठीक आहेत," तो म्हणाला.

"मी आरशांचं विचारलं का?" ती ओरडली. "थाप का नाही मारलीस?"

"आता कशाला? घोडी आहे ना."

"ती काचेला आहे!" तिचा आवाज फुटला. "मी गाडी शिकले तीच तुझ्या थापेवर. मला स्पीडब्रेकर दिसत नाही रे दादा, मला तो ऐकू येतो. सकाळपासून कान लावून बसलेय. काचेला घोडी आहे. मला कोण आहे?"

 टेकूला तो म्हातारा टेम्पोवाला आठवला, डोळ्यांनी नाही, कानांनी, असं म्हणून हसणारा. तेव्हा आपणही हसलो होतो. पावडर नीट राहिली त्या दिवशीही ती याच स्पीडब्रेकरवरून अशीच गेली होती आणि आपण काचेकडे बघत होतो. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की आपण काच सांभाळतो.

"डोळ्यांनी बघायला शीक," तो म्हणाला.

"शिकेन. तोवर?"

त्याने मांडीखालचा हात बाहेर काढला. दाबून ठेवल्यामुळे त्याला मुंग्या आल्या होत्या. त्याने तो झटकला आणि समोर, गाडीच्या पुढच्या फळीवर ठेवला. धाकटीने डोळे पुसले, गिअर टाकला. गाडी निघाली. टेकू मागे वळला नाही, त्याचे पाय हलत नव्हते, तो नुसता रस्ता बघत होता.

वळणापुढे रस्ता उखडलेला होता. त्याने एक थाप मारली. तिचा पाय ब्रेकवर गेला.